परसल्फेट-आयोडाइड : ऑर्डर १.१५ येते, ती सरळ '१' लिहायची का?

मीठभाकर

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हा प्रयोग बहुतेक ठिकाणी असतोच. अमोनियम परसल्फेट ०.१ मोलर, पोटॅशियम आयोडाइड ०.२ मोलर, सोडियम थायोसल्फेट ०.००५ मोलर आणि स्टार्चचे ३-४ थेंब. एकूण ५० मिलि. परसल्फेट आयोडाइडमधून आयोडीन सोडवतं, थायोसल्फेट (थायो) ते लगेच परत आयोडाइड करतं; थायो संपलं की आयोडीन स्टार्चला निळं करतं. मिसळल्यापासून निळा रंग येईपर्यंतचा वेळ मोजायचा. २५ अंशांना मिळालेली एका बॅचची रीडिंग :

प्रयोग १ : परसल्फेट २०, आयोडाइड २०, थायो १० मिलि. वेळ २८ सेकंद.
प्रयोग २ : परसल्फेट २०, आयोडाइड १० + पाणी १०, थायो १० मिलि. वेळ ६२ सेकंद.
प्रयोग ३ : परसल्फेट १० + पाणी १०, आयोडाइड २०, थायो १० मिलि. वेळ ६६ सेकंद.

ऑर्डर म्हणजे दराच्या सूत्रात संहतीवर येणारा घातांक. ती १ असेल तर संहती निम्मी केली की वेळ दुप्पट, म्हणजे ५६ सेकंद यायला हवा. हिशेब केला तर आयोडाइडची ऑर्डर १.१५ आणि परसल्फेटची १.२४ निघते. मुलं 'प्रायोगिक त्रुटी' असं लिहून १ आणि १ मांडतात, आणि जर्नल तपासून मिळतं. माझं मत असं की ही त्रुटी नाही, काहीतरी पद्धतशीर चुकतंय. वेगवेगळ्या गटांची रीडिंग १ च्या वरच येतात, खाली कधी नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चौथा_बाक

१.२४ ला १ लिहायला काय हरकत आहे? ३५ ला पास असतंच की.

पुणेरी_काचपात्र

वरच्या प्रतिसादाची ऑर्डर शून्य आहे. कितीही संहती वाढवली तरी काही फरक पडणार नाही.

निळाई

आधी स्टॉपवॉचचा दोष आहे की नाही ते बघू. निळा रंग पकडण्यात १ सेकंद इकडेतिकडे होतो असं धरा. २८ मध्ये १ म्हणजे साडेतीन टक्के, ६२ मध्ये १ म्हणजे दीड टक्का. दोन्ही मिळून सुमारे ३.९ टक्के. ऑर्डर काढताना वेळांच्या गुणोत्तराचा लॉग घेऊन २ च्या लॉगने भागतो, त्यामुळे ऑर्डरमधला फरक होतो सुमारे ०.०६. म्हणजे १.०६ आली असती तर मी डोळे झाकून १ म्हटलं असतं. १.१५ अडीच पट लांब आहे आणि १.२४ चार पट. शिवाय मीठभाकर म्हणतात तसं सगळी रीडिंग एकाच बाजूला झुकलेली. नुसत्या घड्याळाच्या गोंधळाने असं होत नाही.

आणि एक. संहती फक्त निम्मी करून ऑर्डर काढणं हीच मुळात कंजूष पद्धत. चौपट फरक ठेवला तर तीच वेळेची चूक ऑर्डरमध्ये निम्मीच उतरते. त्याहून चांगलं म्हणजे ५ वेगवेगळ्या संहती घेऊन लॉग-लॉग आलेखाचा उतार काढणं. एखादं रीडिंग बिघडलं तर ते आलेखावर उघडं पडतं. दोनच बिंदूंतून रेघ नेहमी सरळच जाते.

अर्धायुष्य

उत्तर 'पाणी' या शब्दात आहे. प्रयोग २ आणि ३ मध्ये तुम्ही संहती कमी केलीत, पण त्याबरोबर मीठही कमी केलंत.

परसल्फेटवर दोन ऋण भार, आयोडाइडवर एक. एकाच जातीचे भार असलेले दोन आयन एकमेकांजवळ यायचे असतील तर भोवती इतर आयनांची गर्दी जितकी जास्त तितकं ते सोपं. म्हणून आयनिक स्ट्रेंग्थ (आयनांच्या या गर्दीचं माप) वाढली की या अभिक्रियेचा दर वाढतो, कमी झाली की घटतो. ब्रॉन्स्टेड आणि ब्येरुम यांनी १९२० च्या दशकात मांडलेलं हेच गणित.

आता आकडे. प्रयोग १ मध्ये आयोडाइड ०.०८ मोलर आणि परसल्फेट ०.०४ मोलर. आयनिक स्ट्रेंग्थ = ०.०८ + ३ × ०.०४ = ०.२०. प्रयोग २ मध्ये ०.०४ + ०.१२ = ०.१६. प्रयोग ३ मध्ये ०.०८ + ०.०६ = ०.१४. थायोचा वाटा किरकोळ आणि तिन्हीकडे सारखाच, तो सोडून देऊ.

के म्हणजे दराचा स्थिरांक, आय म्हणजे आयनिक स्ट्रेंग्थ. लॉग के मधला फरक = १.०२ × (भारांचा गुणाकार, इथे २) × [वर्गमूळ आय ÷ (१ + वर्गमूळ आय)] या राशीतला फरक. ती राशी अनुक्रमे ०.३०९, ०.२८६ आणि ०.२७२. म्हणजे प्रयोग २ मध्ये के सुमारे ०.९० पट होतो, प्रयोग ३ मध्ये ०.८४ पट. ५६ ला ०.९० ने भागा, ६२ येतात. ५६ ला ०.८४ ने भागा, ६६-६७ येतात.

तुमची रीडिंग अगदी बरोबर आहेत. रीत चुकली आहे.

मीठभाकर

वा! परसल्फेटची ऑर्डर आयोडाइडपेक्षा जास्त का फुगते तेही यात आलं. परसल्फेट काढलं की आयनिक स्ट्रेंग्थ जास्त घटते.

ब्युरेटवाली

उपाय साधा आहे आणि चांगल्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, फक्त 'क्षार संपले म्हणून पाणी' असं होतं. आयोडाइड कमी कराल तिथे पाण्याऐवजी तेवढंच ०.२ मोलर पोटॅशियम क्लोराइड. परसल्फेट कमी कराल तिथे तेवढंच ०.१ मोलर अमोनियम सल्फेट. धन आयन तोच राहतो आणि ऋण आयनावरचा भारही तोच. सोडियम क्लोराइड घालून चालेल का असं विचारतात. ढोबळ चालतं, पण अशा ऋण-ऋण अभिक्रियेत कोणता धन आयन आहे याचाही दरावर परिणाम होतो, नुसती आयनिक स्ट्रेंग्थ जुळवून भागत नाही. अमोनियमच्या जागी अमोनियमच ठेवा.

आता मिसळायची पद्धत, कारण निम्मी बोंब तिथे असते :

एका शंकुपात्रात परसल्फेट (आणि अमोनियम सल्फेट, लागत असेल तर). दुसऱ्यात आयोडाइड, क्लोराइड, थायो आणि स्टार्च. थायो चुकूनही परसल्फेटच्या पात्रात आधीपासून टाकून ठेवू नका. परसल्फेट थायोला थेटसुद्धा हळूहळू खातं, आणि तांब्याचा अंश असेल तर लवकर खातं. मग निळा रंग वेळेआधी येतो आणि पात्र जितका वेळ पडून होतं तितका आकडा बदलतो.

दोन्ही पात्रं एकाच पाण्याच्या टबात किमान १० मिनिटं. मग एक दुसऱ्यात एकदम ओता, घड्याळ ओतताना सुरू करा, ओतून झाल्यावर नाही. पुन्हा एकदा पहिल्या पात्रात उलटं ओतून घ्या आणि हलवत राहा. न हलवता ठेवलं तर तळाशी निळे ढग येतात आणि 'कुठला निळा धरायचा' यावर भांडणं.

स्टार्च ताजं. दोन दिवसांचं आंबूस वासाचं स्टार्च निळ्याऐवजी जांभळट-तपकिरी रंग देतं. आयोडाइडचं द्रावण पिवळसर दिसत असेल तर त्यात आधीच आयोडीन सुटलेलं आहे. ते थायोचा काही भाग खाणार, म्हणजे वेळ कमी येणार. परसल्फेट त्याच दिवशी बनवा. थायो महिनाभर ठेवायचं असेल तर चिमूटभर सोडियम कार्बोनेट, नाहीतर जिवाणू ते नासवतात.

चौथा_बाक

ताई, निळा रंग आलाच नाही तर?

ब्युरेटवाली

बहुधा थायो जास्त झालंय. १ मोल परसल्फेट १ मोल आयोडीन देतं आणि ते २ मोल थायो खातं. वरच्या मापांत परसल्फेट ०.०४ मोलर आणि थायो ०.००१ मोलर, म्हणजे भरपूर अंतर. पण ०.००५ ऐवजी ०.५ मोलरची बाटली उचलली तर थायो ०.१ मोलर होतं. सगळं परसल्फेट संपलं तरी ०.०८ च खाऊ शकेल. मग संध्याकाळपर्यंत बसा.

रसायनीकर

थोडा विरोधी सूर. कारखान्यात मला १.१५ आणि १.२४ मिळाले तर मी तेच वापरीन. रिॲक्टरचं गणित करताना पॉवर लॉ (दर = स्थिरांक × संहतींचे घात) ही फिटिंगची सोय आहे. ज्या संहतीत आणि ज्या तापमानात मी चालवणार आहे तिथे समीकरण बरोबर आकडा देतं ना? मग घातांक पूर्णांक आहे की नाही याची चिंता कशाला?

अर्धायुष्य

रसायनीकर, तुमच्या फिटमध्ये मीठ लपलेलं आहे. उद्या मागच्या टप्प्यातून येणाऱ्या द्रावणात सोडियम सल्फेट जास्त आलं की परसल्फेट आणि आयोडाइड तेवढेच असूनही दर वाढेल, आणि तुमच्या समीकरणात त्याला जागाच नाही. दर = के × परसल्फेट × आयोडाइड, आणि के हा आयनिक स्ट्रेंग्थवर अवलंबून, असं लिहिलंत तर तोच डेटा दोन्हीकडे चालतो.

रसायनीकर

मान्य, पण मी मुद्दाम म्हटलं 'ज्या संहतीत चालवणार आहे'. फिटची हद्द लिहून ठेवली नाही तर गडबड. आणि तुमचं वरचं गणितही ०.२ आयनिक स्ट्रेंग्थवर लावलंय, जिथे ते समीकरण मुळात ताणलेलंच असतं. नीट लागू पडतं ते ०.०१ च्या खाली.

अर्धायुष्य

ताणलेलं आहे, म्हणूनच नुसतं वर्गमूळ न घेता ते १ + वर्गमूळाने भागलेलं रूप घेतलं. नुसतं वर्गमूळ घेतलं असतं तर परिणाम जास्त दाखवला असता. ६२ आणि ६६ शी इतकं जुळणं हा थोडा नशिबाचाही भाग आहे. दिशा आणि साधारण आकार मात्र नशिबाचा नाही. ती दिशा तपासायची असेल तर प्रयोग १ मध्ये २ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळवून बघा, परसल्फेट-आयोडाइड तेवढेच असूनही निळा रंग लवकर येईल.

उलट दिशा बघायची तर क्रिस्टल व्हायोलेट आणि सोडियम हायड्रॉक्साइड. तिथे धन आयन आणि ऋण आयन एकत्र येतात, म्हणून मीठ घातलं की दर कमी होतो. कलरीमीटर ५९० नॅनोमीटरला लावा, रंगद्रव्य १० मायक्रोमोलरच्या आसपास, हायड्रॉक्साइड ०.०१ ते ०.०२ मोलर. काही मिनिटांत रंग उतरतो. फक्त हा रंग काचेला आणि प्लॅस्टिकच्या क्युव्हेटला चिकटतो, नंतर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा अल्कोहोलने धुतलं नाही तर पुढच्याची सुरुवातीची रीडिंग खोटी.

संत्र्याची_साल

नागपुरातून एक भर. तापमानावर कोणी बोललंच नाही. या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा ५२ किलोज्यूल प्रति मोलच्या जवळपास. म्हणजे २५ अंशांजवळ १ अंश वाढला की दर ७ टक्के वाढतो. २५ चे ३५ झाले की जवळजवळ दुप्पट. सकाळच्या बॅचने प्रयोग १ केला आणि दुपारी जेवून आल्यावर प्रयोग २, तर आयोडाइडची ऑर्डर काहीही निघेल.

मे महिन्यात इकडे प्रयोगशाळेत ४० अंश सहज असतात. २८ सेकंदांचे तेव्हा १० होतात, आणि ओतायलाच २ सेकंद जातात. उपाय दोन : बर्फ घालून टब २५ ला धरा, नाहीतर थायोची संहती दुप्पट-तिप्पट करा म्हणजे वेळ त्याच प्रमाणात लांबेल.

निळाई

थायो वाढवताना एक तपासा. आपण याला प्रारंभिक दर म्हणतो, तेव्हा निळा रंग येईपर्यंत परसल्फेट फारसं संपता कामा नये. मूळ मापांत ०.०४ मोलरपैकी ०.०००५ संपतं, म्हणजे सव्वा टक्का. प्रयोग ३ मध्ये अडीच टक्के. थायो तिप्पट केलं तर प्रयोग ३ मध्ये साडेसात टक्के. तिथे सरासरी दर सुरुवातीच्या दरापेक्षा ३-४ टक्के कमी येणार. चालेल, पण माहीत असावं. आयोडाइडची काळजी नाही, सुटलेलं आयोडीन थायो लगेच परत आयोडाइड करून टाकतं. या प्रयोगाची खरी हुशारी तीच आहे.

मीठभाकर

दर काढताना थायोची संहती भागिले वेळ, की भागिले वेळेची दुप्पट? दोन्ही प्रकारे लिहिलेली जर्नलं दिसतात.

निळाई

परसल्फेट संपण्याचा दर हवा असेल तर थायो ÷ (२ × वेळ). ऑर्डरवर काही परिणाम नाही, गुणोत्तरात २ उडून जातो. के मात्र दुप्पट चुकतो. प्रयोग १ : ०.०००५ ÷ २८ = १.७९ × १०^-५ मोल प्रति लिटर प्रति सेकंद. त्याला ०.०८ × ०.०४ ने भागा : ५.६ × १०^-३ लिटर प्रति मोल प्रति सेकंद. के लिहिताना तापमान आणि आयनिक स्ट्रेंग्थ शेजारी लिहा, नाहीतर तो आकडा कुणाशीच ताडून बघता येत नाही.

चौथा_बाक

समीकरणात (परसल्फेट + २ आयोडाइड = २ सल्फेट + आयोडीन) तर आयोडाइड २ आहेत. मग ऑर्डर २ का नाही? परीक्षेत असंच लिहितात सगळे.

अर्धायुष्य

समतोल समीकरण फक्त हिशेब सांगतं : काय किती गेलं, काय किती आलं. इथे हळू पायरीत एक परसल्फेट आणि एकच आयोडाइड भेटतात, दुसरं आयोडाइड नंतरच्या झटपट पायरीत येतं. दर ठरवायला ते हजर नसतं.

याहून झणझणीत उदाहरण हवं तर ॲसिटोन आणि आयोडीन, आम्लाच्या सान्निध्यात. समीकरणात आयोडीन आहे, रेट लॉमध्ये (दराच्या सूत्रात) नाहीच. ॲसिटोनची ऑर्डर १, हायड्रोजन आयनाची १, आयोडीनची शून्य. लॅपवर्थने १९०४ साली ब्रोमीन घेऊन हे दाखवलं. आयोडीनची संहती वेळेसमोर मांडा, अगदी शेवटपर्यंत सरळ रेषेत उतरते आणि शून्यावर आपटते.

ब्युरेटवाली

तो प्रयोग करताना नमुना सोडियम बायकार्बोनेटमध्ये ओतायचा. आम्ल मारलं की अभिक्रिया थांबते, मग निवांत थायोने टायट्रेशन. आणि उरलेलं द्रावण उघड्यावर ठेवू नका, आयोडोॲसिटोन डोळ्यांना झोंबतं. धुराच्या कपाटात करा किंवा निदान खिडक्या उघडा.

गूळपोळी

कोल्हापूरकडून नमस्कार. साखरेचा विषय निघाला नाही म्हणून लिहितोय. रेट लॉचा पहिला मोजलेला हिशेब उसाच्या साखरेवरच झाला : विल्हेल्मीने १८५० मध्ये आम्लात साखर फुटताना पोलरीमीटरने बघितली आणि दर उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो असं मांडलं.

साखर कारखान्यात हीच अभिक्रिया म्हणजे सरळ नुकसान. उसाचा रस मुळात आम्लधर्मी, पीएच सव्वापाच-साडेपाचच्या आसपास. तो तसाच तापवला तर साखर ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि ती पोत्यात न येता मळीत जाते. म्हणून चुन्याचं दूध घालून पीएच ७ च्या आसपास आणायचा आणि मगच पुढे उकळायचं. दर हायड्रोजन आयनाच्या प्रमाणात, म्हणजे पीएच १ ने घसरला की फुटण्याचा वेग १० पट. फार वर नेला तर फ्रुक्टोज-ग्लुकोज जळून रंग चढतो, तेही नको.

पुणेरी_काचपात्र

बाष्पीभवनाचं तापमानही त्यात आलंच. निर्वातात उकळतात ते चवीसाठी नव्हे.

मीठभाकर

विषय थोडा वळवतो. एस्टरच्या प्रयोगातही असं काही लपलंय का? मिथाइल ॲसिटेट आणि ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल; एस्टर फुटून सुटलेलं आम्ल ठरावीक वेळाने टायट्रेशनने मोजायचं. तिथे लॉग आलेख छान सरळ येतो.

अर्धायुष्य

तो सरळ येतो यावर जरा संशय घ्या. २५ अंशांना ०.५ नॉर्मल आम्लात त्याचं अर्धायुष्य साडेतीन तासांच्या आसपास. प्रॅक्टिकल दीड तासाचं. तेवढ्यात एस्टर पाव भागच संपतं. पाव भागापर्यंत प्रथम कोटीचा (ऑर्डर १) लॉग आलेख आणि द्वितीय कोटीचा (ऑर्डर २) १ ÷ संहतीचा आलेख, दोन्ही डोळ्यांना सरळच दिसतात. टायट्रेशनच्या चुकांत वाकडेपणा बुडून जातो. फरक स्पष्ट दिसायला निदान दोन-तीन अर्धायुष्यं थांबावं लागतं.

मग जर्नलमध्ये 'आलेख सरळ आला म्हणून प्रथम कोटी' हे वाक्य खरं म्हणजे सिद्ध होत नाही. सिद्ध करायचं तर एस्टर ५ मिलिऐवजी २.५ मिलि घेऊन पुन्हा करा. के तोच आला तर एस्टरची ऑर्डर १. मग आम्ल ०.२५ नॉर्मल करा, के निम्मा आला तर आम्लाची ऑर्डर १. पाण्याची ऑर्डर मात्र या प्रयोगातून कळणारच नाही. लिटरमागे ५५ मोलच्या घरातलं पाणी जवळजवळ बदलतच नाही, ते के मध्ये गिळलं जातं.

ब्युरेटवाली

एस्टरच्या टायट्रेशनच्या दोन खोचा. १०० मिलि आम्लात ५ मिलि एस्टर घालून ५ मिलिचा नमुना काढला तर ०.१ नॉर्मल अल्कलीने सुरुवातीचं रीडिंग २४ मिलिच्या आसपास, आणि अनंताचं (अभिक्रिया पूर्ण झाल्यावरचं) रीडिंग जवळजवळ ५४ मिलि. ५० ची ब्युरेट मध्येच पुन्हा भरायची आणि तिथे चूक करायची. २ मिलिचा नमुना घ्या, सगळं साडेनऊ ते साडेएकवीस मिलिमध्ये बसतं.

दुसरं, गुलाबी रंग येतो आणि जातो. मुलं पुन्हा थेंब टाकतात, पुन्हा जातो. अल्कली जास्त झाली की ती उरलेलं एस्टर फोडते, म्हणून रंग टिकत नाही. बर्फाच्या पाण्यात नमुना टाकायचा, भराभर टायट्रेशन करायचं आणि पहिला गुलाबी धरायचा.

रसायनीकर

अनंताच्या रीडिंगवर एक ओळ. ते कमी घेतलं गेलं तर लॉग आलेख शेवटाकडे खाली वाकतो, जास्त घेतलं गेलं तर आडवा होत जातो. बूच घट्ट नसेल आणि ५०-६० अंशांना तापवून अनंत गाठत असाल तर एस्टर उडून जातं आणि रीडिंग कमी येतं.

निळाई

अनंताचं रीडिंग टाळायचं असेल तर गुगेनहाइमची १९२६ ची पद्धत. ठरावीक अंतराने रीडिंगच्या जोड्या घ्या, फरकाचा लॉग वेळेसमोर मांडा, उतारावरून के निघतो. पण दोन रीडिंगमधलं अंतर दोन-तीन अर्धायुष्यं ठेवावं लागतं, म्हणजे एस्टरला ७ तास. क्रिस्टल व्हायोलेटला ही पद्धत शोभते, एस्टरला नाही. आणि ती आधीच प्रथम कोटी धरून चालते हेही विसरू नका.

संत्र्याची_साल

मुख्य प्रश्नावर परत. 'राउंड करून १' ही सवय का घातक आहे त्याचं एक उदाहरण. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडाइड, आम्लात. हार्कोर्ट आणि एसन यांनी १८६० च्या दशकात ऑक्सफर्डला हीच अभिक्रिया घेतली होती. थायोचे मोजलेले डोस एकामागून एक टाकायचे आणि प्रत्येक वेळी निळा रंग किती वेळाने परततो ते टिपायचं. एकाच पात्रातून पूर्ण वक्र मिळतो.

या अभिक्रियेत हायड्रोजन आयनाची ऑर्डर काढाल तर ती अर्धी-मुर्धी येते आणि आम्ल बदललं की तीही बदलते. कारण दर दोन वाटांनी जातो, एक आम्लाशिवाय आणि एक आम्लासह. दर = (के१ + के२ × हायड्रोजन आयन) × पेरॉक्साइड × आयोडाइड. २५ अंशांना के१ सुमारे ०.०११५ आणि के२ सुमारे ०.१७५. हायड्रोजन आयन ०.०६६ मोलरच्या आसपास असताना दोन्ही वाटा सारख्या, तिथे ऑर्डर बरोबर ०.५. तिला शून्य म्हणा की एक, दोन्ही खोटं. लॉग-लॉग आलेख सोडून साध्या कागदावर दर विरुद्ध हायड्रोजन आयन मांडा : सरळ रेषा येते आणि ती शून्यातून जात नाही. तो छेद म्हणजे के१.

अर्धायुष्य

उत्तम उदाहरण. आणि खरोखरच अपूर्णांक असलेला रेट लॉ म्हणजे हायड्रोजन-ब्रोमीन. बोडेनस्टाइन आणि लिंड यांनी १९०६ च्या सुमारास मोजला, ब्रोमीनचा घातांक अर्धा, शिवाय तयार झालेलं हायड्रोजन ब्रोमाइड अभिक्रियेला मागे ओढतं. त्यांनी तो अर्धा राउंड केला असता तर १९१९-२० मध्ये क्रिस्टियानसन, हेर्झफेल्ड आणि पोलान्यी यांना साखळी अभिक्रियेचा धागाच सापडला नसता.

उलट बाजूचा इशाराही देतो. हायड्रोजन-आयोडीनचा रेट लॉ अगदी साधा, १ आणि १. म्हणून दोन रेणू थेट आदळतात असं कित्येक दशकं शिकवलं गेलं. १९६७ मध्ये सुलिव्हननं प्रकाशाने आयोडीनचे अणू पाडून दाखवलं की अणूंच्या वाटेनेही तोच रेट लॉ येतो. रेट लॉ जुळला म्हणून यंत्रणा सिद्ध होत नाही. न जुळला तर मात्र ती यंत्रणा बाद.

रसायनीकर

बरं, १.१५ वरचा माझा हट्ट सोडतो. मिठाचा हिशेब वेगळा ठेवणं कारखान्यातही स्वस्त पडेल.

पुणेरी_काचपात्र

मराठी फोरमवर कुणीतरी मत बदललं. संपादक, धागा जतन करा.

मीठभाकर

क्षार बदलून केलेल्या बॅचची रीडिंग आली. पाण्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड आणि अमोनियम सल्फेट, तापमान २५ धरलेलं : २८, ५६ आणि ५७ सेकंद. आयोडाइड १.००, परसल्फेट १.०३.

एका गटाची मात्र तिन्ही रीडिंग १९-२०, ३८ आणि ३९ अशी आली. ऑर्डर बरोबर, वेळ तिसऱ्या हिश्श्याने कमी. तापमान तपासलं, तेच आहे.

ब्युरेटवाली

ऑर्डर बरोबर आणि सगळीकडे एकाच प्रमाणात वेळ कमी, म्हणजे मुख्य शक्यता दोन. एक, त्या गटाचं थायो पातळ आहे, ०.००५ ऐवजी ०.००३५ च्या जवळ. थायो सगळ्यांत सारखंच पडतं, त्यामुळे गुणोत्तरं बिघडत नाहीत. दोन, पाण्यात तांबं किंवा लोखंड आहे आणि ते उत्प्रेरक म्हणून काम करतंय. तुमच्याकडे जुना तांब्याचा डिस्टिलेशनचा बंब आहे का? त्या गटाने पाणी त्यातून घेतलं आणि बाकीच्यांनी दुसऱ्या कॅनमधून, असंही असेल.

आधी थायो प्रमाणित करा. पोटॅशियम आयोडेटचं ज्ञात द्रावण, जादा आयोडाइड, थोडं आम्ल, शेवटाकडे स्टार्च, पंधरा मिनिटांचं काम. थायो बरोबर निघालं तर त्यांच्याच द्रावणांत ०.१ मोलर ईडीटीएचे (धातूचे आयन बांधून ठेवणारं रसायन) २ थेंब टाकून प्रयोग १ परत घ्या. वेळ २८ कडे सरकला तर दोष पाण्याचा.

मीठभाकर

बंब तांब्याचाच आहे. पण आयोडेटने बघितलं तर थायोच ०.००३५ निघालं. बाटलीवर तारीख नव्हती.